महाराष्ट्राने उद्दिष्ट गाठले. सातपुड्यातल्या बाळंतिणीचा हिशेब कोण देणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : माता आणि बालमृत्यूंचे आकडे राज्याच्या सरासरीत न दडवता तालुका व पाडानिहाय जाहीर करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात माझी बहुतेक नोकरी झाली. तिथल्या बायका मला बाई म्हणत आणि अजूनही म्हणतात. हे पत्र मी त्यांच्या वतीने लिहीत नाही, कारण त्यांनी मला तसे सांगितलेले नाही. जे पाहिले ते माझ्या नावावर जमा आहे आणि ते आता फायलीत ठेवून भागणार नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र आपल्याला आहे, पण ते लोकांनीही वाचावे म्हणून उघड लिहिते.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यातले तिसरे आरोग्याचे. २०३० पर्यंत मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली, नवजात (जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले) मृत्यू हजारी १२ पर्यंत आणि पाच वर्षांखालील बालमृत्यू हजारी २५ पर्यंत आणायचे असे ठरले. नमुना नोंदणी पद्धतीच्या अहवालानुसार महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१९-२१ मध्ये ३८ होता. २०२० मध्ये नवजात मृत्यूदर ११ आणि पाच वर्षांखालील बालमृत्यूदर १८ होता. म्हणजे तिन्ही रेषा आपण मुदतीच्या कितीतरी आधी ओलांडल्या. २००४-०६ मध्ये हाच मातामृत्यू दर १३० होता. हे काम लहान नाही. आशा ताई, सिस्टर, १०८ चे चालक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सगळ्यांनी ते ओढून नेले आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

पण हे आकडे भाषणांत आणि जाहिरातींत आले की त्यांच्या मागोमाग एक समजूत येते, की माता आणि बालमृत्यूंचा प्रश्न महाराष्ट्रापुरता संपला. नोकरीत असलेल्या माझ्या मैत्रिणी सांगतात की आढावा बैठकीत आता हा विषय पाच मिनिटांत उरकतो, कारण 'आपण हिरव्यात', म्हणजे उद्दिष्ट गाठलेल्यांत, 'आहोत'. ही समजूत मला मान्य नाही. तिला उत्तर म्हणून हे पत्र.

आधी आकड्याचे सांगते. नमुना नोंदणी पद्धत ही नावाप्रमाणे नमुन्यावर चालते. निवडलेल्या गावांतून आणि वस्त्यांतून माहिती गोळा होते आणि त्यातून राज्याचा अंदाज निघतो. मातामृत्यू हा आकड्यांच्या भाषेत विरळ प्रसंग, म्हणून तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. या पद्धतीतून जिल्ह्याचा मातामृत्यू दर निघत नाही, तालुक्याचा तर नाहीच. तेव्हा ३८ हा आकडा पुणे, मुंबई, कोल्हापूर आणि आमच्या जिल्ह्यातला डोंगराळ अक्राणी तालुका यांना एकाच पोत्यात भरून केलेले वजन आहे. अक्राणीचे वजन किती हे त्यातून कुणालाच सांगता येत नाही. ते जिथून सांगता येईल ती माहिती आपल्याकडेच आहे. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी, घरी जाऊन नातेवाइकांकडून सगळा घटनाक्रम लिहून घ्यावा, जिल्हाधिकाऱ्यांसमोर त्याचा आढावा व्हावा, असे शासनाचेच नियम आहेत. ते कागद तयार होतात. मी स्वतः भरलेले आहेत. लोकांपुढे ते येत नाहीत, एवढेच.

आणखी एक गोष्ट सरासरीच्या कौतुकात हरवते. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा हाच दर ३३ होता, पुढच्या अहवालात तो ३८ झाला. कोविडचा काळ होता हे मान्य. पण दर वाढला तेव्हा कुठे वाढला, कोणत्या बायका गेल्या, हे विचारायचे तर पुन्हा तेच, उत्तर राज्याच्या सरासरीपाशी थांबते. केरळचा मातामृत्यू दर वर्षानुवर्षे देशात सर्वांत कमी राहिला, तरी २०१३ मध्ये तिथल्या अट्टपाडीच्या आदिवासी पट्ट्यातले अर्भकमृत्यू देशभर चर्चेत आले होते. चांगल्या सरासरीखाली असे पट्टे राहू शकतात हे तेव्हाच दिसले होते.

आता डोंगरात काय घडते ते सांगते.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव बाईला दोन तासांत नेऊ शकतो. आम्हाला प्रशिक्षणात 'तीन उशीर' शिकवत. घरच्यांना निर्णय घ्यायला लागणारा उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागणारा उशीर आणि दवाखान्यात उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. पहिला उशीर लोकांच्या माथी मारायला सोपा असतो. 'आदिवासी लोक भगताकडे जातात, दवाखान्यात येत नाहीत', हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की ते पाठ झाले. पण माझ्या भागातल्या बायकांचा निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिराकडे पाहूनच झालेला असे. झोळीतून चार तास उतरून जायचे, खाली गेल्यावर डॉक्टर रजेवर, मग गाडीची वाट, मग पुढे पाठवणी. एकीचे असे झाले की पाड्यातल्या बाकीच्या बायका घरीच बसतात. यात अडाणीपणा कुठला? त्यांनी अनुभवावरून हिशेब केलेला असतो.

एक प्रसंग सांगते, ठिकाण आणि दवाखान्याचे नाव न घेता. पावसाळ्याचे दिवस, तिसरे बाळंतपण. बाईच्या खालच्या पापणीचा आतला भाग मी खाली ओढून पाहिला तर तो कागदासारखा पांढरा होता. हिमोग्लोबिन कमी असल्याचे तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दोनदा लिहिलेले होते, अक्षर माझेच. लोहाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. शौचाला काळे होते आणि पोटात आग पडते म्हणून ती त्या घेत नव्हती. शिरेतून लोह द्यायला तिला मोठ्या दवाखान्यात चार-पाच वेळा जावे लागले असते, आणि घरी दोन मुले, बकऱ्या आणि पेरणी. ओढ्याला पूर आला म्हणून गाडी पलीकडेच थांबली. चार जणांनी तिला बांबूला बांधलेल्या घोंगडीतून ओढ्यापलीकडे नेले. पहिल्या दवाखान्यात रक्त नव्हते. दुसऱ्यात रक्त होते, भूलतज्ज्ञ नव्हते. तिसऱ्याच्या वाटेवर, घाटात, ती गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले : तीव्र रक्तक्षय, प्रसूतिपश्चात रक्तस्राव. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होते. ओढा, रिकामी रक्तपेटी आणि भूलतज्ज्ञाचे रिकामे पद यांना त्या कागदावर रकाना नव्हता.

माझ्या तक्रारी यातूनच निघतात.

पहिली, रक्तक्षयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. मृत्यूदर खाली येताना रक्त मात्र पातळ होत गेले. सातपुड्यात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर. सिकलसेल असलेल्या बाईला साधा रक्तक्षय समजून गोळ्या देत राहणे म्हणजे तिचा आजार न ओळखणे. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तपासण्या झाल्या, कार्डे वाटली. कार्ड मिळालेल्या मुलीचे लग्न झाले, ती गरोदर राहिली, तर तिची नोंद आपोआप जोखमीच्या मातांच्या यादीत जाते का? माझ्या माहितीतल्या उपकेंद्रांत जात नाही. सिकलसेलची वही वेगळी आणि गरोदर मातांची वही वेगळी.

दुसरी, कुपोषणाची. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने वजनाने कमी निघाली. त्यातली तीव्र गटातली मुले ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली. वयाच्या मानाने खुजी मुले ३५.२ टक्के, आधीच्या फेरीपेक्षा थोडी जास्तच. एवढ्या श्रीमंत राज्याला हे शोभत नाही. मेळघाटातले कुपोषणाचे मृत्यू १९९३ मध्ये गाजले, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, उच्च न्यायालयाने वेळोवेळी शासनाला जाब विचारला, २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एकदा चौरस गरम जेवण, हा विचार उत्तम आहे. मी त्या जेवणाच्या पंगती पाहिल्या आहेत, बायका हसत-बोलत जेवतात, पोरगी आईच्या ताटातले अंडे मागते. पण अंगणवाडी ताईला किराण्याचे पैसे वेळेवर मिळाले तरच ती पंगत बसते. पैसे थकले की दुकानदार उधारी बंद करतो, आधी अंडे जाते, मग भाजी जाते, आणि शेवटी जेवणच बंद होते.

तिसरी तक्रार सगळ्यात कमी बोलली जाते आणि माझ्या मते सगळ्यात मोठी आहे : स्थलांतर.

दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात, बरीचशी गुजरातेत. पाडेच्या पाडे रिकामे होतात. म्हातारी माणसे आणि काही पोरे मागे राहतात. होळीला माणसे परततात, कारण सातपुड्यात होळीसारखा सण नाही. या मधल्या महिन्यांत गरोदर बाईची तपासणी होत नाही, बाळाची लस चुकते, आशा ताईच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. तो शेरा पडला की ती बाई आपल्या यंत्रणेच्या जबाबदारीतून बाहेर जाते. जिथे ती फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहते तिथल्या आरोग्यसेविकेच्या यादीत ती कधी आलेलीच नसते. ती तिकडे फडात बाळंत झाली आणि दगावली, किंवा तिचे बाळ चौथ्या दिवशी गेले, तर तो मृत्यू कुणाच्या खात्यावर? माझ्या भागातल्या अशा मृत्यूंची बातमी मला होळीला घरी परतलेल्या सासूकडून कळत असे. सरकारी कागदावर ती कधी आली, कुठे आली, हे मला शेवटपर्यंत सापडले नाही. ३८ मध्ये या बायका आहेत का?

नवजात बाळांबद्दल तर महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, त्याने नवजात मृत्यू किती घटतात हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती पद्धत देशभर आशांमार्फत सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा ताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची. त्यासाठी मोबदला २५० रुपये. एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्यापर्यंत दीड तासाची चढण असते. तिथे ही भेट सहा वेळा करणारी बाई किती मोलाची आहे हे मला माहीत आहे, आणि तिचे पैसे महिनोन्महिने थकतात हेही. वजनकाटा बिघडला तर दुरुस्तीला महिने लागतात. थर्मामीटरची बॅटरी ती स्वतःच्या पैशाने घेते.

रिकाम्या पदांबद्दल जास्त लिहीत नाही, आपल्याला यादी ठाऊक आहे. एवढेच सांगते की डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० ला एक उपकेंद्र हा निकष आहे, पण निकष लोकसंख्येचा आहे, अंतराचा नाही. डोंगरात ३,००० माणसे वीस पाड्यांवर विखुरलेली असतात. नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना धरणाच्या पाण्यामुळे बोटीशिवाय वाट उरली नाही, म्हणून तरंगता दवाखाना सुरू झाला. चांगली कल्पना, पण बोट बंद पडली की तो सगळा काठ दवाखान्यावाचून राहतो. डिझेल, दुरुस्ती आणि नावाडी यांची तरतूद दरवर्षी नव्याने का मागावी लागते?

'माहेरघर' योजनेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ती आपल्याकडची सर्वांत शहाणी योजना आहे आणि तिची सर्वांत जास्त हेळसांड होते. दूरच्या पाड्यातल्या बाईने दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक, जेवण शासनाकडून, बुडालेली मजुरीही मिळावी. दुसरा उशीर संपवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. जिथे केंद्रातली सिस्टर आणि आशा ताई यांनी मनावर घेतले तिथे ती खोली भरलेली असते. चूल पेटलेली असते, नवी आई जुन्या आईकडून शिकत असते. पण मी अशीही माहेरघरे पाहिली आहेत जिथे औषधांची खोकी आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. मजुरीचे पैसे बाळ रांगायला लागल्यावर मिळतात. धाकटे एक मूल सोबत चालते, पण तिला तीन असतील तर बाकीची दोन कुणाकडे ठेवायची, याचे उत्तर योजनेत नाही. मग बाई येत नाही आणि आपण म्हणतो, लोक सहकार्य करत नाहीत.

या सगळ्यावर मागण्या करते. त्यातल्या बऱ्याचशा आपल्याच नियमांत आणि आपणच मान्य केलेल्या जाहीरनाम्यांत आहेत.

१. आदिवासी तालुक्यांतला प्रत्येक मातामृत्यू, अर्भकमृत्यू आणि उपजत मृत्यू दर तीन महिन्यांनी तालुकानिहाय, आणि शक्य तिथे आरोग्य केंद्रनिहाय, संकेतस्थळावर आणि ग्रामसभेत जाहीर करावा. मृत व्यक्तीचे नाव नको. वैद्यकीय कारणाबरोबर वाट, वाहन, रक्त आणि डॉक्टर यांचा रकाना हवा. २०१५ च्या उद्दिष्टांतच म्हटले आहे की २०२० पर्यंत उत्पन्न, लिंग, वय, वांशिकता, स्थलांतर आणि भौगोलिक स्थान यांनुसार विभागलेली माहिती उपलब्ध व्हावी यासाठी मदत वाढवायची. ती मुदत उलटून गेली आहे.

२. स्थलांतरित गरोदर माता आणि सहा महिन्यांखालील बाळे यांची यादी दिवाळीपूर्वी तयार करून ज्या जिल्ह्यात ती जाणार तिथल्या आरोग्य यंत्रणेकडे नावानिशी सोपवावी. त्यासाठी गुजरात शासनाशी लेखी करार करावा. तिकडे झालेला मृत्यू मूळ पाड्याच्या नोंदीत यायलाच हवा. उचल देणाऱ्या मुकादमाला मजुरांची नोंद देणे बंधनकारक करता येते, तर गरोदर बाईची का नाही?

३. सातपुडा, मेळघाट आणि गडचिरोलीतला भामरागड-एटापल्ली या पट्ट्यांत किमान एका ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास सिझेरियन होईल अशी व्यवस्था करावी. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि चालू रक्तसाठवण केंद्र, तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी. यातले एक नसेल तर बाकीचे दोन बाईच्या उपयोगाचे नाहीत. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या डॉक्टरांची फिरती पाळी डोंगरातल्या रुग्णालयांत लावावी.

४. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज दिवसदिवस जाते अशा उपकेंद्रांना सौर फ्रिज द्यावा. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. घरी बाळंतपण होण्याची शक्यता असलेल्या पाड्यांत त्या आशा ताईकडे कायम असाव्यात.

५. प्रत्येक माहेरघराची खोली रिकामी करून द्यावी, सोबत येणाऱ्या मुलांच्या संख्येची अट काढावी आणि बुडीत मजुरी बाई घरी जायच्या आत तिच्या हातात द्यावी.

६. आशा आणि अंगणवाडी ताईंचा मोबदला आणि अमृत आहाराचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावेत. तारीख चुकली तर का चुकली हे तालुका कार्यालयाच्या फलकावर लिहावे.

७. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले आहे. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. तिथवर पोहोचण्याचे वर्षनिहाय वेळापत्रक विधिमंडळात मांडावे आणि वाढीव पैशातला पहिला वाटा आदिवासी तालुक्यांना द्यावा.

आपल्या विभागातले अनेक अधिकारी मला ओळखतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी भर पावसात माझ्याबरोबर डोंगर चढला आहे, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. संयुक्त राष्ट्रांचा जो जाहीरनामा देशाने मान्य केला त्यात एक वचन आहे, की जे सर्वांत मागे आहेत त्यांच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचण्याचा प्रयत्न करू. राज्याची सरासरी सुधारायला पुण्या-मुंबईतली सुधारणा पुरते, त्यासाठी अक्राणीत जावे लागत नाही. हे वचन पाळायचे तर जावे लागते.

पुढच्या पावसाळ्याला अजून अवधी आहे. वरच्या सात मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असल्यास का, एवढे लेखी उत्तर रस्ते तुटायच्या आत आपल्या विभागाच्या संकेतस्थळावर द्यावे. पहिली मागणी पूर्ण करायला नवा पैसा, नवे पद, नवी इमारत काहीच लागत नाही. ती या महिन्यातही सुरू होऊ शकते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जिल्हा नंदुरबार